अंगण धुण्याचा आणि लाकूड उजळण्याचा धंदा : बाजव्यातल्या तरुणांसाठी माहिती

पावसाळा ओसरला की आपल्या भागातल्या सोसायट्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : पार्किंगमधले शेवाळ काढून देणारा कोणी आहे का? त्याच्या मागोमाग बाकीचे येतात. अगाशीवरच्या चायना मोझॅकवर काळे थर बसलेत, ओट्याचा कोटा निसरडा झालाय, गॅलरीतला सागवानी हिंचका पांढुरका पडलाय, हे कोण करून देईल? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. दुकानातून ॲसिडची बाटली आणायची, खराटा घ्यायचा आणि वॉचमनला चार पैसे देऊन घासून घ्यायचे. काम त्या दिवसापुरते होते. पण फरशीचा वरचा थर जातो आणि घासणाऱ्याचे हात पोळतात.

हेच काम नीट शिकून केले, तर तो एक स्वतंत्र धंदा आहे. परदेशात याला प्रेशर वॉशिंग म्हणतात, आणि घरामागच्या लाकडी डेकची डागडुजी हा त्याचाच भाग मानतात. आपल्याकडे लाकडी डेक फार्महाऊस, पोहण्याचे तलाव आणि नव्या बंगल्यांच्या गच्चीपुरते आहेत. पण हिंचका, सागवानी दरवाजा, जिन्याचा कठडा, बागेतला बाक हे सगळे लाकूडच आहे. डेकला जे ज्ञान लागते, तेच इथे लागते.

बाजवा, कोयली, उंडेरा, करचिया, छाणी, रणोली या पट्ट्यात आपली अनेक मराठी कुटुंबे रेल्वे, रिफायनरी, खत कारखाना आणि पेट्रोकेमिकल्सच्या नोकऱ्यांमुळे स्थिरावली. आजोबा-वडिलांना कायम नोकरी मिळाली. आजच्या मुलांना बऱ्याचदा कंत्राटी काम मिळते आणि कंत्राट संपले की घरी बसावे लागते. अशा मुलांनी कमी भांडवलात काय करावे, हा प्रश्न घरोघरी आहे. सगळ्या प्रश्नांवरचा उपाय म्हणून हा लेख लिहिलेला नाही. धंदा कसा चालतो, कुठे फायदा आहे, कुठे धोका आहे आणि हिशेब कसा बसतो, एवढे समजावे म्हणून लिहिला आहे.

यंत्र काय करते

दहा मीटर उंचीवरच्या टाकीचे पाणी तळमजल्याच्या नळाला साधारण १ बार दाबाने येते. प्रेशर वॉशरमधला पंप तेच पाणी १०० ते १५० बारपर्यंत दाबतो आणि बारीक छिद्रातून बाहेर सोडतो. म्हणजे पाणी कमी लागते, पण त्याचा मारा जबरदस्त असतो. जर्मनीच्या कार्चर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे असे यंत्र आणले. आज बाजारात घरगुती छोट्या यंत्रापासून तीन फेजच्या मोठ्या यंत्रापर्यंत सगळे मिळते.

विकत घेताना लोक फक्त बार पाहतात. तिथेच फसगत होते. दाब माती सुटी करतो, पण ती वाहून नेते पाण्याचे प्रमाण. म्हणून दोन आकडे एकत्र पाहावेत : बार, आणि मिनिटाला किती लिटर. या दोन आकड्यांचा गुणाकार करून ६०० ने भागले की पाण्याला प्रत्यक्ष किती किलोवॅट शक्ती मिळते ते कळते. उदाहरणार्थ, १५० बार आणि ८ लिटर म्हणजे १२००, भागिले ६००, म्हणजे २ किलोवॅट. पंपात आणि मोटारीत थोडी शक्ती वाया जाते, म्हणून त्याला साधारण ३ हॉर्सपॉवरची मोटार लागेल. आता एखाद्या खोक्यावर २०० बार, १० लिटर आणि मोटार १८०० वॅट असे छापलेले असेल, तर गणित करून बघा. उत्तर ३.३३ किलोवॅट येते. १.८ किलोवॅटची मोटार ३.३३ किलोवॅटचे काम करूच शकत नाही. ते दोन आकडे एकाच वेळी मिळत नाहीत, हे दुकानदारासमोर उभे राहून तोंडी हिशेबाने कळते.

मोटार दोन प्रकारची असते. कार्बन ब्रशवाली मोटार हलकी आणि स्वस्त असते, पण खूप आवाज करते आणि लवकर तापते. इंडक्शन मोटार जड असते, पण रोज तासन्‌तास चालवता येते. घरची गाडी धुवायला पहिली पुरते. धंद्याला दुसरीच घ्यावी.

नोझलच्या टोकांना रंग असतात आणि ते पाठच असले पाहिजेत. लाल म्हणजे शून्य अंश, सरळ सुईसारखी धार. पिवळा १५ अंश, हिरवा २५, पांढरा ४०, आणि काळा साबण सोडण्यासाठी. आपल्या कामात बहुतेक वेळा हिरवा आणि पांढरा पुरतो. लाल नोझल पेटीतून काढून घरी ठेवले तरी चालेल. त्याने लाकूड चिरते, सिमेंट खणले जाते आणि पायावर धार गेली तर जखम होते.

पाण्याचा अंदाज आधी घ्यावा. गिऱ्हाईकाच्या नळाखाली २० लिटरची बादली लावून वेळ मोजा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर येते आहे आणि ८ लिटरचा पंप चालेल. चार मिनिटे लागली तर पंप हवा ओढेल, थरथरेल आणि त्याचे सील जातील. अशा ठिकाणी आधी ड्रम भरून ठेवावा. पंपाच्या तोंडाशी जाळीचे फिल्टर हवेच, कारण बोअरच्या पाण्यात रेती येते. सोसायटीचे चेअरमन पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतात. त्यांना आकडा देता आला पाहिजे : ट्रिगर दिवसात चार तास दाबलेला राहिला, तर ८ लिटरच्या यंत्राला साधारण १९२० लिटर लागतात.

कोणत्या जागेला काय चालते

एकच जोर सगळीकडे लावणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. जागा ओळखणे हे अर्धे काम आहे.

पेव्हर ब्लॉकला दाब चालतो, पण फटींमधली रेती उडते. हिरवे नोझल, जमिनीपासून वीत-दीड वीत अंतर, आणि काम वाळल्यावर फटींत पुन्हा बारीक रेती झाडून भरणे. ही शेवटची पायरी न केल्यास पुढच्या पावसात ब्लॉक हलू लागतात आणि बोल आपल्याला लागतो. मोठ्या पार्किंगला फिरत्या ब्रशासारखे गोल झाकण मिळते, त्याच्या आत दोन नोझल फिरतात. त्याने पट्टे उमटत नाहीत आणि वेळ वाचतो.

कोटा हा चुनखडीचा दगड आहे. संगमरवरही त्याच कुळातला. त्यावर ॲसिड टाकले की फसफसते. लोकांना वाटते, मळ निघतोय. खरे तर दगड विरघळत असतो. पॉलिश जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट मळ धरतो. गिऱ्हाईक ॲसिडचा आग्रह धरील, तर एका कोपऱ्यात फरशीच्या तुकड्यावर थेंब टाकून दाखवा. सांगण्यापेक्षा ते पटते.

चायना मोझॅकची अगाशी आपल्याकडे घरोघरी आहे. तुकड्यांमधल्या फटी पांढऱ्या सिमेंटच्या असतात आणि सिमेंटलाही ॲसिड खाते. फट उघडली की पाणी आत जाते आणि दोन पावसाळ्यांत खालच्या खोलीच्या छताला ओल येते. धुण्याआधी काठीने ठोकत फिरावे. पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण करून घरमालकाला दाखवावी, मोबाईलवर फोटो काढावा, आणि त्या जागी दाब लावू नये. बाकी ठिकाणी ६०-७० बार आणि पांढरे नोझल पुरे.

शेवाळ नुसत्या धारेने काढले तर महिनाभरात परत येते, कारण ते पूर्ण मरत नाही. आधी ते मारावे लागते. बाजारात मिळणारे ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी चार भाग, म्हणजे १ टक्क्याचे द्रावण होते. ते सावलीत शिंपडून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, ब्रश फिरवावा आणि मग कमी दाबाने धुवावे. तुळस, कुंड्या आणि बागेतली झाडे आधी साध्या पाण्याने भिजवून झाकावीत आणि नंतर पुन्हा धुवावीत. या द्रावणात ॲसिड कधीही मिसळू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो बंद बाथरूममध्ये जीव घेऊ शकतो. आपल्याकडे घराघरांत ॲसिडची बाटली असते, म्हणून कामाआधी विचारून घ्यावे : इथे आज सकाळी ॲसिड टाकले होते का?

लाकडाचे काम

लाकडाच्या कामात पैसा जास्त आहे, कारण त्याला जाणकारी लागते. उघड्यावरचे सागवान राखाडी का होते? उन्हातले अतिनील किरण लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकाला तोडतात. पावसाने तो धुऊन जातो आणि वर सुटे राखाडी तंतू राहतात. म्हणजे लाकूड मेलेले नसते, वरचा पातळ थर फक्त झिजलेला असतो. तो काढला की आतला सोनेरी रंग परत दिसतो.

पहिली पायरी म्हणजे आधीचे पॉलिश कोणते आहे ते ओळखणे. घरातल्या जुन्या हिंचक्यांवर बऱ्याचदा चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश असते. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा कोपऱ्यात घासा. चिकट झाले आणि रंग बोळ्याला लागला तर चपडा आहे. अशा वस्तूला पाण्याची धार लावायचीच नाही, पांढरे डाग पडतात. ती कोरडीच घासून पुन्हा पॉलिश करावी.

उघड्यावरच्या डेकला किंवा बाकाला मात्र पाणी चालते. तिथे क्रम असा असतो. आधी सैल खिळे आणि स्क्रू तपासा, कुजलेली फळी बदला. मग सोडियम परकार्बोनेटचे द्रावण लावून पंधरा मिनिटे ओले ठेवा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने ब्रश करा. मग पांढरे नोझल, एक फूट अंतर आणि सागवानाला ७० बारच्या आतला दाब. पाइनसारख्या मऊ लाकडाला ४० बारपेक्षा जास्त नको. धार एका जागी थांबवायची नाही आणि रेषांना आडवी मारायची नाही. तंतू उभे राहिले, लाकूड केसाळ झाले, तर दाब जास्त झाला असे समजावे.

या द्रावणाने लाकूड थोडे काळपट होते. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण लावतात. त्याने रंग उजळतो आणि खिळ्यांभोवतीचे काळे डाग जातात. हे डाग लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांच्या संयोगाने पडलेले असतात. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवाच, आणि खूण केलेल्या डब्यातच ठेवावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

आता वाट पाहायची. लाकूड आतून वाळल्याशिवाय तेल किंवा पॉलिश लावले तर ते फुगते आणि सोलते. ओलावा मोजायचे छोटे यंत्र मिळते, त्यात १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला पाहिजे. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात, ऑगस्टमध्ये आठवडा लागला तरी नवल नाही. मग पॉलिश पेपर : डेकला ८० नंबर, हिंचक्याला १२० आणि मग २२०. शेवटी लाकडावर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब आत शिरले तर लाकूड तेल प्यायला तयार आहे.

तेल लावावे की पीयू पॉलिश? पीयूचा थर वर बसतो, चकाकतो, पण उन्हापावसात तडकला की सगळा खरवडावा लागतो. तेल आत मुरते, चमक कमी असते, पण वर्षाने साफ करून पुन्हा एक हात दिला की झाले. घरातल्या हिंचक्याला पीयू, उघड्यावरच्या डेकला तेल, असा सर्वसाधारण नियम धरावा. गिऱ्हाईकाला दोन्हींचा पुढचा खर्चही सांगावा. काही डेक डब्ल्यूपीसीचे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेले असतात. त्यांना तेल लावू नये, साबण आणि मऊ ब्रश पुरतो. हिंचक्याच्या पितळी कड्या आधी काढून चिंचेने किंवा पितांबरीने वेगळ्या घासाव्यात, लाकडावर असताना नव्हे.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावी. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळ्यात ती कोंडली जाते. काम संपले की चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात.

ही कामे घेऊ नयेत, किंवा जपून घ्यावीत

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. ३ किलोवॅटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे आपल्या अगाश्यांवर सौर पॅनल वाढत आहेत. ते धुण्याचे काम नियमित मिळू शकते. पण तिथे प्रेशर वॉशर नको. मऊ ब्रश, साधे पाणी, आणि वेळ पहाटेची. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकले तर काच तडकू शकते, आणि उन्हात तारांमध्ये शेकडो व्होल्टचा प्रवाह असतो.

संडासची टाकी किंवा गटार साफ करायला कोणी सांगितले, तर माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असे काम करून घेणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आतला वायू माणूस ओळखत नाही. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतही हवा कमी असते. झाकण उघडे ठेवून, हवा खेळवून, वर एक माणूस उभा असल्याशिवाय आत जाऊ नये.

जुन्या वाड्यांची, चुन्याच्या गिलाव्याची आणि रंगवलेल्या लाकडाची कामे आपली नव्हेत. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आतली भित्तिचित्रे आणि लाकडी नक्षी आठवत असेल. पुरातत्त्व खात्याने जपलेली अशी वास्तू सोडाच, पोळातले एखादे साधे जुने घर असले तरी चुन्याची भिंत धारेने पोखरली जाते. अशा घरमालकाला नम्रपणे सांगावे की हे जुन्या वास्तूंच्या जाणकाराला दाखवा. एक काम गेले तरी माणूस आपल्याला लक्षात ठेवतो.

पुरानंतरची कामे वेगळी. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरातल्या अनेक सोसायट्यांत शिरले, तेव्हा चिखल काढणारी माणसे मिळेनात. पुराचा गाळ ओला असतानाच फावड्याने काढून मग धुवावा, वाळला की सिमेंटसारखा धरतो. मीटर आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय त्या घरात आपले यंत्र लावू नये. गमबूट, हातमोजे घालावेत. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. आणि अशा दिवसांत दर दुप्पट करू नये. आपल्याला याच वस्तीत राहायचे आहे.

जीव सांभाळणे

वीज आणि पाणी एकत्र असलेला हा धंदा आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला स्वतःचा बोर्ड सोबत न्यावा, गिऱ्हाईकाच्या घरच्या अर्थिंगवर विसंबू नये. ३ हॉर्सपॉवरच्या मोटारीला १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते. बारीक केबल तापते आणि मोटार कमी व्होल्टेजवर जळते. जोड जमिनीवर पडू देऊ नये.

धार कोणाच्याही अंगावर धरायची नाही, थट्टेतही नाही. इतक्या दाबाचे पाणी कातडीतून आत घुसते. वरून टाचणीएवढे छिद्र दिसते, पण आत घाण आणि पाणी पसरलेले असते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये. तडक दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना 'प्रेशर वॉशरची धार लागली' असे स्पष्ट सांगावे. पेट्रोलचे यंत्र बेसमेंटमध्ये चालवू नये, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. ओल्या अगाशीच्या काठावर उलटे चालत काम करू नये.

भाव कसा ठरवावा

'भाव शुं छे?' हा पहिला प्रश्न असतो, आणि घाईत सांगितलेला भाव वर्षभर मानेवर बसतो. म्हणून आधी एका दिवसाचा खर्च काढावा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, मदतनीसाचा रोज ६०० रुपये, स्वतःचा रोज १०००, टेम्पो किंवा पेट्रोल २५०, रसायने २५०. यंत्र ३० हजारांचे आणि ते ६०० तास चालेल असे धरले, तर तासाला ५० रुपये झीज, सहा तासांचे ३००. जागेचे भाडे, फोन, दुरुस्ती, विमा मिळून वर्षाला ३६ हजार, आणि वर्षात १८० दिवस काम मिळाले तर दिवसाला २००. बेरीज २६०० रुपये. त्यावर २० टक्के नफा ५२०. म्हणजे दिवसाचे ३१२० रुपये यायला हवेत. दिवसात १२०० चौरस फूट पार्किंग धुऊन होत असेल, तर भाव पडला चौरस फुटाला २ रुपये ६० पैसे.

आता कोणी एक रुपयाने करतो म्हणून आपणही एक रुपयाने केले, तर दिवसाचे १२०० रुपये येतील. २६०० मधून वजा केले तर १४०० ची तूट. म्हणजे स्वतःचा हजाराचा रोज गेला आणि वर ४०० रुपये खिशातून घातले. पहिले काही महिने हे दिसत नाही, कारण यंत्र नवे असते. यंत्र बिघडते त्या दिवशी दिसते.

याच नमुन्याने १८० दिवस काम मिळाले, तर रोज आणि नफा मिळून वर्षाला २ लाख ७३ हजार ६०० रुपये, महिन्याला २२ हजार ८०० पडतात. पण शंभरच दिवस मिळाले तर तेच ३६ हजार शंभर दिवसांवर वाटले जातात आणि महिन्याला साधारण ११ हजार ३०० उरतात. म्हणून हातातली नोकरी एकदम सोडू नये. पहिले वर्ष सुट्टीच्या दिवशी कामे घ्यावीत, दिवस वहीत मोजावेत आणि आकडा बघून निर्णय घ्यावा. लाकडाच्या कामाला चौरस फुटाचा भाव लावू नये. हिंचक्याच्या फळीपेक्षा कोरलेल्या पायांना जास्त वेळ लागतो, तिथे तासांचा हिशेब धरावा.

आपल्या लोकांचे काम करताना पैशाचे बोलायला जीभ अडखळते. 'आपलाच माणूस आहे, काय मागायचे' असे वाटते, आणि समोरच्यालाही 'आपलाच आहे, नंतर देऊ' असे वाटते. यातून पैसा जातो आणि मग बोलचालही जाते. उपाय साधा आहे. सगळ्यांना कागदावर लिहून भाव द्यावा. नात्यातल्या माणसाला सवलत द्यायची असेल तर पूर्ण भाव लिहून त्याखाली सवलत लिहावी. निम्मे पैसे आधी, निम्मे काम झाल्यावर. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर फोटो. आधीच फुटलेली फरशी कोणती, हे फोटोत असले की वाद होत नाही.

वर्षाचे गणित

आपल्या गावाचे पंचांगच या धंद्याचे वेळापत्रक आहे. नवरात्राआधी सोसायटीचे गरब्याचे चौक धुऊन हवे असतात. दसरा ते दिवाळी सर्वांत गर्दी, त्यात अगाशी, ओटा, दरवाजे सगळे येते. लाभपाचमेला दुकाने उघडतात, त्यांच्या पाट्या आणि ओटे त्याआधी व्हायला हवेत. मग उत्तरायण : १४ जानेवारीला सगळे गाव अगाशीवर असते, म्हणून डिसेंबर अगाश्यांचा. फेब्रुवारी ते मे लाकडाचा हंगाम, कारण लाकूड झटपट वाळते. जूनच्या आधी पावसाळ्यापूर्वीची सफाई आणि डेकला तेल. पावसाळ्यात निसरड्या जिन्यांची थोडी कामे मिळतात. बाकी वेळ यंत्राची दुरुस्ती आणि घरातल्या हिंचक्यांचे कोरडे घासकाम.

कागदपत्रे फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. कारखान्यांच्या वसाहतींची कामे घ्यायची झाली तर मात्र ती मागितली जाते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. पण कर्जाने यंत्र घेण्याआधी भाड्याच्या यंत्रावर चार-पाच कामे करून पाहावीत.

कमीपणाचा प्रश्न

शेवटी एक अडचण, जी यंत्राची नाही. शिकलेल्या मुलाने लोकांची अंगणे धुवायची, हे आपल्या अनेक घरांत अजून पचत नाही. लग्नाच्या बोलणीत 'मुलगा काय करतो' याचे उत्तर काय द्यायचे, अशी आईवडिलांना धास्ती असते. ज्या बडोद्यात आपण राहतो, तिथे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, ते हाताच्या कामाला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. त्रिभुवनदास गज्जरांनी तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवण्याची घडी बसवली. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आज ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेचा भाग आहे. दाब आणि प्रवाहाचा गुणाकार करणारा, चुनखडी आणि ॲसिडचे नाते ओळखणारा आणि लाकडातला ओलावा मोजणारा मुलगा त्याच परंपरेतले काम करतो आहे. फरक इतकाच की त्याच्या हातात पाण्याची नळी आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी या दिवाळीआधी स्वतःच्या घराची अगाशी आणि शेजारची एक अशी दोन कामे करावीत. किती वेळ लागला, किती पाणी गेले, काय चुकीचे निघाले हे वहीत लिहावे. तिसरे काम पैसे घेऊन करावे, आणि त्याचा भाव त्या वहीतून काढावा.